एकाच वाटीची पंगत

“या पुऱ्या जातात कुठे?” बेंडाळेनं विचारलं आणि खोलीतल्या सगळ्यांकडे असं बघून घेतलं, जणू आमच्यापैकीच कुणीतरी त्या गट्ट केल्या होत्या.

समोरच्या पडद्यावर पंगत बसली होती. वाढपी टोपली घेऊन आला, व्याह्यांच्या पानावर वाकला, त्यानं पुरी वाढली. टोपलीतली पुरी कमी झाली, पण पान कोरडंच राहिलं. व्याह्यांच्या मिशा थरथरल्या. आमच्या गेमचा नियम असा होता की, वाढण्यात हयगय झाली की व्याही रुसतात, पानावरून उठतात आणि खेळ संपतो.

मी म्हणाले, “कारण सापडलंय, सर. दुपारपर्यंत दुरुस्त होईल.”

“दुपारचा प्रश्न नाही, मुक्ता. प्रश्न सगळ्या कोडच्या आर्किटेक्चरचा आहे.”

हा शब्द तो दिवसातून इतक्या वेळा वापरायचा की आमचे दोघे चित्रकार एकमेकांकडे न बघता ओठ दाबून हसायचे. हृषीकेश बेंडाळे नुकताच बंगळूरहून आला होता. तिकडे म्हणे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, तिकडचं वातावरणच फार मोकळं, हे त्यानं पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला हृषीकेश म्हटलं तर त्याचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून मी त्याला न चुकता सर म्हणत आले. आमच्या तिघांच्या तोंडी तो शब्द कसा वाजतो, हे त्याला कधीच ऐकू आलं नाही.

आमचं ऑफिस नाशिकला, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. कार्यालय सोनजेसरांच्या वडिलांचं. ते गेल्यावर सोनजेसरांनी लग्नं खाली चालू ठेवली आणि वर, जिथे पूर्वी वरपक्षाला उतरायच्या खोल्या होत्या, तिथे गेमची कंपनी काढली. लग्नसराईत खालून सनई, मसालेभाताचा वास आणि रुसव्याफुगव्यांचे आवाज वर यायचे. ‘पंगत’ हा गेम काढायचं सरांना सुचलं त्यात नवल काहीच नव्हतं. कोठावदे मसालेवाल्यांना आपल्या नावानं एक गेम हवा होता, आणि सरांनी त्यांना शब्द दिला होता.

आम्हालाही एक शब्द दिला होता. कोठावद्यांचं काम पक्कं झालं की कंपनीत आणखी माणसं येणार, दोन गेम सुरू होणार आणि त्या सगळ्यांवर एक लीड नेमला जाणार. “तू किंवा हृषीकेश,” सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. “डेमोच्या दिवशी, कोठावद्यांना गेम दाखवू तेव्हा, ज्याचं काम उभं राहील, तो.” मला ते पद हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, ते माझंच आहे असं मी धरूनच चालले होते, कारण कंपनी सुरू झाल्यापासून तिथे जे जे चालत होतं ते मी लिहिलेलं होतं. बेंडाळे आला तो वाढलेल्या पानावर येऊन बसला होता.

पुऱ्यांचं कारण अगदी साधं होतं. मी पंगत स्ट्रक्टांची केली होती, म्हणजे कोडमध्ये माहिती बांधून ठेवायच्या साध्या साच्यांची. पंगत नावाच्या स्ट्रक्टमध्ये पानं, पान हा स्वतःच एक स्ट्रक्ट, आणि त्या पानाच्या पोटात वाटी, तोही स्ट्रक्ट. स्ट्रक्टची रीत अशी की तो तुम्ही मागितला की तुमच्या हातात त्याची कॉपी येते. बरणीतलं लोणचं तुम्हाला वाटीत काढून दिलं आणि तुम्ही वाटीत मीठ घातलंत, तर बरणी काही खारट होत नाही. माझा वाढपी पंगतीतून पान मागत होता, हाती आलेल्या कॉपीवर पुरी वाढत होता आणि ती कॉपी टाकून देत होता. वाढून झाल्यावर वाटी पानात परत ठेवायची आणि पान पंगतीत परत ठेवायचं, एवढंच करायचं राहिलं होतं. मी ते दुपारच्या आत केलं. व्याह्यांना पुरी मिळाली, त्यांच्या मिशा थरथरायच्या थांबल्या.

पण बेंडाळेला तोवर संधी मिळाली होती. त्यानं फळ्यावर चौकोन काढले, चौकोनांत चौकोन काढले आणि त्यांवर भली मोठी फुली मारली. स्ट्रक्ट वगैरे कॉलेजातल्या पोरांनी वापरायचे, व्यावसायिक लोक क्लास लिहितात, असे बरेच तारे त्यानं तोडले. सोनजेसर दारात उभे राहून ऐकत होते. हातात नेहमीप्रमाणे सुपारीची डबी. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याची गडबड होती आणि त्यांचं अर्धं लक्ष तिकडे असावं असं मला वाटलं.

“म्हणजे क्लासनं काय होतं?” त्यांनी विचारलं.

बेंडाळेनं त्यांना समजावलं, आणि एवढं मात्र त्यानं बरोबर सांगितलं. क्लासचा इन्स्टन्स, म्हणजे त्या साच्यातून घडवलेली वस्तू, मागितला की कॉपी मिळत नाही, त्या वस्तूचा पत्ता मिळतो. तो पत्ता घेऊन कुणीही गेलं तरी त्याच एका वस्तूपाशी पोचतं. पान क्लासचं असेल तर वाढपी थेट खऱ्या पानावरच वाढेल, परत ठेवायची भानगड उरणार नाही.

“मग करा तसं,” सर म्हणाले आणि खाली निघून गेले.

मी संध्याकाळी त्यांना गाठलं. ते मांडवात हार मोजून घेत होते. मी सांगितलं की माझं चालतंय, आता सगळं उखडायची गरज नाही. सर म्हणाले, तो एवढा शिकून आलाय, त्याला करू दे, तू तुझं मोडू नकोस, बाजूला ठेव. मला वाटलं, माझी समजूत काढताहेत. सर म्हणजे लग्नं लावणारा माणूस, याला कोडमधलं काय कळतंय, असं म्हणून मी वर आले. त्या काळात माझं त्यांच्याबद्दलचं मत एवढंच होतं: बेंडाळेनं इंग्रजीत काही म्हटलं की भुलणारा भोळा शेटजी.

बेंडाळे कामाला लागला. त्याचं काम करणं बघण्यासारखं होतं. सकाळी येऊन तो आधी कानांत हेडफोन घालायचा, मग खुर्ची खालीवर करायचा, मग फाइलींची नावं बदलायचा. फाइलींना नावं देण्यात त्याचे दिवसच्या दिवस गेले. माझ्या पान नावाच्या स्ट्रक्टचा त्यानं जो क्लास केला, त्याचं नाव पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. मधूनच तो माझ्या टेबलापाशी येऊन एखादी बारीक गोष्ट विचारायचा, ती उगाच सहज विचारतोय असं दाखवून, आणि उत्तर मिळालं की “हं, मीही तेच करणार होतो,” म्हणून परत जायचा.

खाली रोज पंगती उठत होत्या. खिडकीतून नुसती मान बाहेर काढली असती तरी दिसलं असतं. वाढपी रांगेच्या एका टोकानं निघतो, कुणाला आग्रह करतो, कुणाच्या पानावरून तसाच पुढे जातो, एकाचं संपलेलं असतं, दुसऱ्याला नको असतं, तिसरा हात आडवा धरून बसलेला. पण बेंडाळेला खालच्या वासाचा त्रास व्हायचा, म्हणून त्यानं खिडकी कायमची लावून घेतली होती.

डेमोच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचं काम झालं. त्यानं आम्हाला बोलावून दाखवलं. पानावर एकटे व्याही बसलेले. वाढपी आला, वाटीत श्रीखंड वाढलं, व्याह्यांनी खाल्लं, वाटी रिकामी झाली, पुन्हा वाढलं. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. चित्रकारांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हणाले, “आता पंगत बसवा.”

“तेच तर आहे हे.”

“एकटेच बसलेत. सगळी रांग बसवा.”

“मुक्ता, एक चालतोय म्हणजे सगळे चालणार. क्लास एकच आहे.” हे सांगताना त्यानं माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की मला हसू आवरेना. एवढे दिवस या गृहस्थानं पंगतीचा गेम एकट्या माणसाला जेवायला बसवून तपासला होता. एकट्यानं गेम लवकर सुरू होतो म्हणून. साऱ्या महाराष्ट्रात असा विचार करणारा हा एकटाच निघाला असता, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला होता.

तो चहाला गेल्यावर मी त्याचा गेम माझ्या मशिनवर घेतला आणि रांग बसवली. व्याह्यांच्या वाटीत श्रीखंड वाढलं. तत्क्षणी सगळ्या रांगेच्या वाट्या भरल्या. मग टोकाला बसलेल्या जाड्या आप्पांनी चमचा उचलला. आप्पांना मी भराभर खाणारे केले होते. त्यांनी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि सगळ्या रांगेच्या वाट्या एकदम रिकाम्या झाल्या. ज्यांनी बोटही लावलं नव्हतं त्यांच्यासुद्धा. व्याही रुसून उठले.

कोड उघडून बघितला तर जे वाटलं होतं तेच. त्यानं एक पान तयार केलं होतं आणि प्रत्येक पाहुण्यासाठी त्याची मुद्दाम वेगळी कॉपी काढली होती. पण आता वाटीही क्लासची असल्यामुळे पानात वाटी नव्हती, वाटीचा पत्ता होता. कॉपी पत्त्याची निघाली. पानं सगळी वेगळी, पण त्या सगळ्या पानांना मिळून वाटी एकच. मला आजही आठवतंय, मला वाईट वाटलं नाही, आनंद झाला. असा निखळ आनंद मला त्या ऑफिसात क्वचितच झाला होता.

तरी मी सांगायचं ते सांगितलं. बेंडाळे चहाहून आला तेव्हा त्याला म्हणाले, वाटी सगळ्यांची एकच झालीये. त्यानं ऐकूनही घेतलं नाही. डेमोच्या आदल्या दिवशी कोडला हात लावायचा नसतो, हा बंगळूरचा नियम त्यानं मला ऐकवला, आणि माणसानं दुसऱ्याचं चांगलं बघायला शिकावं, असंही सुनावलं. मग मी सोनजेसरांकडे गेले. त्यांना रांग बसवून दाखवली. आप्पांनी वाट्या रिकाम्या केल्या तेव्हा सर गालातल्या गालात हसले.

“तुझं जुनं आहे ना अजून?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“माझ्या टॅबवर टाकून ठेव. असू दे.”

मी टाकून ठेवलं आणि घरी गेले. उद्या बेंडाळे तोंडघशी पडणार, हे आता देवही टाळू शकत नव्हता. मी आईला सांगून टाकलं की लीडचं काम बहुतेक झालंच.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाताई कोठावदे आल्या. मसाल्याच्या कंपनीच्या मालकीणबाई, पण अंगावर साधी सुती साडी आणि बोलणं तोडून टाकणारं. सोनजेसर त्यांना वहिनी म्हणत. त्यांनी खुर्चीत बसता बसता खिडकी उघडायला लावली. “एवढा छान वास येतोय आणि लावून कसली घेता?” बेंडाळेनं निमूटपणे खिडकी उघडली.

त्यानं बोलायला सुरुवात केली. प्रमिलाताईंनी थोडा वेळ ऐकलं आणि हात पुढे केला. “द्या इकडे. मीच खेळून बघते.”

त्यांनी रांग बसवली. अर्थातच रांग बसवली, पंगत म्हटल्यावर एकट्याला कोण बसवतं? व्याह्यांना श्रीखंड वाढलं आणि सगळ्या वाट्या भरल्या. त्यांनी भुवया उंचावल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि बेंडाळेचा चेहरा बघत होते. आधी त्याला काही कळलंच नाही. मग कळलं, आणि कपाळावर घाम दिसायला लागला.

“एकाला वाढलं की सगळ्यांना?” ताईंनी विचारलं.

“हो,” बेंडाळे म्हणाला. त्याला कुठून सुचलं देव जाणे. “ते मुद्दाम आहे. आपल्याकडे पूर्वी पंक्तिप्रपंच चालायचा. मोठ्यांना तूप, बाकीच्यांना नुसता भात. आमच्या गेममध्ये तसं नाही. सगळे समान.”

सोनजेसरांनी डबी उघडली आणि सुपारी तोंडात टाकली. तेवढ्यात आप्पांनी चमचा उचलला. वाट्या एकदम रिकाम्या झाल्या, व्याही उठले, पडद्यावर खेळ संपल्याची पाटी आली.

प्रमिलाताईंनी ती पाटी वाचली. “आमच्याही घरात एकत्र असताना अशीच वाटी होती,” त्या म्हणाल्या. “एकच जण खायचा आणि सगळ्यांचं संपायचं. म्हणून तर आम्ही वेगळे झालो.” मग त्यांनी टॅब टेबलावर ठेवला. “भाऊजी, हे खेळून कोण आमचा मसाला घेईल?”

मी भिंतीपासून एक पाऊल पुढे झाले. आता सर माझं नाव घेणार, अशी माझी खात्री होती.

“वहिनी, हा एक प्रकार झाला,” सोनजेसर अगदी सावकाश म्हणाले. “मुद्दाम आधी हा दाखवला. आता हा बघा.” आणि त्यांनी आपला टॅब काढला.

माझी पंगत. प्रमिलाताईंनी ज्याला वाढलं त्याच्याच पानात पडलं, ज्यानं खाल्लं त्याचंच संपलं. मीठ डावीकडे, भाजी उजवीकडे, हे त्यांनी तपासून घेतलं. आप्पांना त्यांनी दोनदा उपाशी ठेवून बघितलं आणि खुशीत हसल्या. व्याह्यांना आग्रह करकरून असं काही खायला घातलं की ते ढेकर देऊन आडवे झाले. हे माझं आहे, असं मनातल्या मनात म्हणत मी उभी होते.

“हे छान आहे,” त्या म्हणाल्या. “हे कुणी केलं?”

सोनजेसरांनी बेंडाळेच्या खांद्यावर हात ठेवला. “आमचे हृषीकेश बेंडाळे. यांच्या देखरेखीखाली झालंय सगळं. पुढचंही हेच बघतील.”

बेंडाळे हसला. मघाचा घाम अजून पुसलासुद्धा नव्हता, आणि हा हसला. दोन्ही हात जोडून त्यानं नमस्कार केला, आणि माझ्याकडे बघून मानही हलवली, जशी मदतनिसाकडे बघून हलवतात. एवढा निर्लज्जपणा अंगी असायला काहीतरी वेगळं शिक्षण लागत असावं.

प्रमिलाताई खाली जेवायला गेल्या, बेंडाळे त्यांच्यामागे गेला, आणि मी केबिनचं दार ढकलून आत शिरले. सर खुर्चीत आरामात बसले होते.

मी विचारलं, “सर, ते कुणी लिहिलं ते तुम्हाला माहीत नाही का?”

“माहीत नाही असं कसं? तूच काल माझ्या टॅबवर टाकलंस.”

“मग?”

“बस आधी.”

मी बसले नाही. माझा आवाज चढला होता. मी म्हणाले की त्याला एक वाटी धड मांडता येत नाही, त्यानं पंगत एकट्यावर तपासली, विचारलं तर ऐकलं नाही, आणि तुम्ही त्याला लीड करताय. तुम्हाला त्याच्या इंग्रजीची भुरळ पडलीये. तो मूर्ख आहे, सर.

“आहे,” सोनजेसर म्हणाले.

“आहे?” मी म्हणाले.

“मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, मुक्ता. खाली इतकी लग्नं लावली, माणूस कळतो मला.” ते शांतपणे बोलत होते, रागावले नव्हते, उलट काहीसं प्रेमानंच समजावत होते. “कार्यालय चालवायचं तर दारात एक जण लागतो. फेटा बांधलेला, या बसा म्हणणारा, काही चुकलं तर तोंड वर करून काहीतरी सांगणारा. मघाशी बघितलंस ना, कसं पंक्तिप्रपंच बिंक्तिप्रपंच? तुला जमलं असतं? तू सरळ सांगितलं असतंस, चूक झाली म्हणून. आणि आचारी चांगला असला तर त्याला कुणी फेटा बांधून दारात उभं करत नाही. मग चुलीपाशी कोण राहील?”

“म्हणजे माझं काम चांगलं आहे म्हणून मला द्यायचं नाही.”

“चांगलं नाही, उत्तम आहे. त्याच्याकडून मला ते मिळणार नाही, तुझ्याकडून मिळतं. तुला वर बसवलं तर मला दोन माणसं शोधावी लागतील, एक दारात आणि एक चुलीपाशी. त्याला बसवलं तर एकही नाही.” त्यांनी डबीचं झाकण लावलं. “आणि नाशिकमध्ये गेम करणारं दुसरं आहे कोण? तू कुठे जातेस? उद्यापासून त्याला जरा समजावून दे, पान परत कसं ठेवायचं ते.”

तोवर मी त्या माणसाला भोळा समजत होते. बेंडाळेला हसावं तसं मनातून त्यालाही हसत होते. एखाद्या मूर्खाच्या हातून माझं पद गेलं असतं, तर मी चार दिवस चरफडले असते आणि विसरले असते. मूर्खाचा राग किती दिवस धरणार? पण इथे मला नीट पारखून, माझं मोल बरोबर ओळखून, मला खाली ठेवलं होतं. माझ्या आयुष्यात माझी इतकी अचूक पारख दुसऱ्या कुणी केली नाही, आणि इतका तिरस्कारही मला दुसऱ्या कुणाचा वाटला नाही. बेंडाळे सरांपुढे अगदी निष्पाप होता. त्याला बिचाऱ्याला अजून वाटत होतं की आपण जिंकलो.

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि समजुतीनं मान डोलावली, आचारी असे रुसतातच म्हणून.

“डोकं शांत कर. चहा सांगू तुला?”

“बेंडाळेंना पाजा,” मी म्हणाले. “उद्यापासून तुमच्याकडे दारातही तेच आहेत आणि चुलीपाशीही तेच.”

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. मी दार उघडंच ठेवून बाहेर आले.